वाटणीतला वाघ

"थोरलीनं घंगाळ नेलं, मधलीनं सागवानी झोपाळा नेला, अन् आमच्या वाट्याले काय आलं? वाघ!"

वैनींनी हे कंपाउंडच्या भिंतीवरून ऐकवलं तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होते. आमच्या मधली भिंत कंबरेएवढीच आहे. वर्ध्यात घरं बांधताना लोक भिंत घालतात ती ढोरं येऊ नयेत म्हणून. शेजारणीचा आवाज अडवायला कोणी घालत नाही.

"वाघ म्हणजे?"

"पेंटिंग वो बाई. ऑइल पेंटिंग. चार फूट लांब असन. आर्वीकडचा आमचा वाडा पाडला ना आता, त्याच्या बैठकीत होतं. आमच्या मामाजीच्या मागं टांगलेलं. मी लग्न होऊन आली तवा पहिल्या दिवशी मामाजीले नमस्कार केला का वाघाले, हे मले आजवर समजलं नाही."

वैनींचं सासर मालगुजाराचं. मालगुजारी १९५१ साली गेली, पण बैठकीतला लोड, भिंतीवरची ढाल आणि बोलण्यातला तोरा आणखी दोन पिढ्या टिकला. आता तिघा भावांची वाटणी झाली, वाडा जेसीबीनं पाडला, आणि वाघ टाटा एसमध्ये गादीवर उताणा निजून वर्ध्याला आला.

"अन् ऐका ना," वैनी भिंतीवर कोपर टेकवून आणखी पुढं झाल्या. म्हणजे खरी बातमी आता होती. "नागपूरचा एक माणूस येऊन रायला रविवारी. जुन्या वस्तू घेते तो. फोनवर फोटो पाह्यला अन् म्हणते पंचवीस हजार देतो, रोख. आता फोटो पाहूनच तो पंचवीस देते, तर ते पाच लाखाचं असन ना?"

या हिशेबाला मी काय उत्तर देणार! पण चित्र बघायची उत्सुकता मलाही होती. बत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. त्यात मोसंबी, कळशी आणि घडी पडलेला टॉवेल पाहण्यात जन्म गेला. वाघ एकदाही आला नाही.

"आणा बाहेर. पण एकटीनं उचलू नका. दोघांनी दोन्ही बाजूंची चौकट धरा. वरची पट्टी धरायची नाही, मागची तारही नाही. आणि खाली गोधडी अंथरा."

वैनींचा मुलगा आणि तिकडून समोरचे काकाजी, असे दोघं मिळून चित्र पडवीत घेऊन आले. काकाजी फॉरेस्टातून रिटायर झालेले. अर्धी नोकरी हिंगणी-बोरच्या बाजूला केली. बोर १९७० साली अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याचं नाव घेतात, आणि काकाजींना ते 'लहान' म्हटलेलं अजिबात खपत नाही. "जंगल लहान असन, वाघ काय हातभर कमी असते का?"

चित्र सावलीत, भिंतीला टेकवून ठेवलं. आणि खरं सांगते, मी गप्प झाले. नाल्यावर पाण्याला उतरलेला वाघ. मागं पानं गळालेला साग, सांजेचं धुळकट पिवळं ऊन, नाल्यातले काळे दगड, आणि उजव्या कोपऱ्यात पळस पेटलेला. वरून साठ-सत्तर वर्षांचा धूर आणि मळ. तरी ऊन दिसत होतं.

"काय म्हणता?" वैनी.

काकाजींनी चष्मा वर केला, वाकले, आणि पहिलाच घाव घातला. "ह्यानं वाघ पाह्यला नाही."

"काहून जी?"

"डोळा पहा. बाहुली कशी उभी चिरेसारखी काढली. ते मांजराची. वाघाची बाहुली गोल राहते, माणसासारखी. ह्यानं घरची मांजर समोर बसवली अन् पट्टे वरून मारले."

वैनींचा चेहरा पडला. पाच लाखांतले दोन तिथंच गेले असावेत. पण काकाजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पूर्वी वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून करायचे. ठशावर काच धरायची, काचेवरून ठसा स्केचपेननं गिरवायचा, मग कागदावर उतरवायचा. नोकरीभर हे केलेला माणूस माझ्यापेक्षा चांगला रेखाटनकार असला तर नवल नाही. नंतर कॅमेरे आले. पट्टे पाहून वाघ ओळखू लागले, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचेसुद्धा वेगळे. काकाजी म्हणतात, काच गेली अन् आमची कला गेली.

"कान समोरून आहेत म्हणून वाचला बिचारा," ते पुढं म्हणाले. "मागून काढले असते तर कानामागचा पांढरा ठिपका विसरलाच असता. पैज लावतो."

मी मात्र तोवर पळसापाशी पोचले होते. वाघ सोडून पळस काय बघता, असं वैनींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण मुद्दा तिथंच होता. पळस फुलतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. शहरात बसून कल्पनेनं काढणारा चित्रकार फुलांबरोबर हिरवी पानं घालतोच, हिरव्याशेजारी केशरी फार खुलतो म्हणून. ह्यानं एक पान घातलं नव्हतं. आणि फुलाच्या बुडाशी जी काळपट मखमली वाटी असते ती प्रत्येक झुपक्यात होती. त्यामुळं केशरी रंग भडक न होता दबून राहिला होता. ट्यूबमधून केशरी पिळला आणि फासला असं हे काम नव्हतं. हा माणूस पळसाखाली बसला होता. बराच वेळ बसला होता.

"काकाजी, दगड बघा बरं."

"दगड आपले हाय," ते लगेच म्हणाले. "काळे. बोरच्या नाल्यात असेच राहते. अन् साग उन्हाळ्यात असाच भुंडा. ते बरोबर हाय."

म्हणजे जंगल डोळ्यांनी पाहून काढलेलं आणि वाघ उसना. पुस्तकातल्या चित्रावरून घेतला असेल, पेंढा भरलेल्या वाघावरून घेतला असेल. त्या काळी पेंढा भरलेले प्राणी काय कमी होते? म्हैसूरचा व्हॅन इंगन यांचा कारखाना देशभरच्या संस्थानिकांचे वाघ भरून द्यायचा. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आजही प्राण्यांचं दालन आहे. चित्रकाराला जिवंत वाघ स्थिर कुठून मिळणार? पेंढ्याचा वाघ तक्रार न करता महिनाभर पोज देतो. म्हणून मी वैनींना म्हटलं, डोळा चुकला म्हणून चित्र टाकाऊ होत नाही. उलट कोणता भाग पाहून काढलाय आणि कोणता ऐकून, हे कळलं की चित्रकार कोणत्या गावचा असेल याचा अंदाज येतो. किमतीतसुद्धा त्याला अर्थ आहे.

"अन् नाव? नाव कुठं हाय?"

सही खालच्या डाव्या कोपऱ्यात होती, म्हणजे असावी. मळाखाली एक वेलांटी दिसत होती, पुढचं काही लागत नव्हतं. वैनींच्या मुलानं लगेच अंगठा ओला करून पुढं केला. मी तो हवेतच पकडला.

आता इथं एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. थुंकीनं चित्र पुसणं हा अडाणीपणा नाही. मोठमोठ्या संग्रहालयांतले जाणकार कापसाच्या बारीक बोळ्याला लाळ लावून मळ काढतात. लाळेतलं जे द्रव्य भाकरीतला पिठूळपणा पचवतं तेच मळही सोडवतं. पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी १९९० साली यावर रीतसर अभ्यास केला आणि २०१८ साली त्यांना इग नोबेल मिळालं. म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. "पण ते लोक आधी कोपऱ्यात तांदळाएवढ्या जागेवर करून पाहतात," मी मुलाला म्हटलं, "आणि त्यांनी खर्रा खाल्लेला नसतो." तो हसला आणि अंगठा पँटला पुसला.

मग मी घड्याळजीकडचं भिंग आणलं. पहिली शंका दूर करायची होती ती ही, की हे हातानं रंगवलेलं आहे की छापलेलं. आपल्याकडं ही शंका घ्यावीच लागते. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या छापांना तैलचित्रासारखी चकाकी असते, काहींवर वरून व्हार्निश असतं. त्यामुळं आमच्याकडं ओरिजिनल रविवर्मा आहे असं सांगणारी निदान चार घरं या वर्ध्यातच मला ठाऊक आहेत. भिंगातून पाहिलं की छापात ठिपके दिसतात. हल्ली तर कॅनव्हासवरच छपाई होते आणि वर पारदर्शक लेप ब्रशनं ओढून खोटे फटकारे उमटवतात. तिथं फटकारा एका दिशेला आणि रंग दुसऱ्याच दिशेला जातो.

वाघाच्या मिशीवर भिंग धरलं. ठिपका नाही. मिशी एका दमात ओढलेली, सुरुवातीला जाड आणि शेवटी नुसता केस. रंगाची कड वर आलेली. पट्ट्यांत काळा म्हणून काळा नव्हताच, खालून तपकिरी झळकत होता.

"हातचं आहे," मी म्हटलं. वैनींनी गेलेले दोन लाख परत घेतले.

वाघांच्या छापील चित्रांची गोष्टही त्यांना सांगितली. डेव्हिड शेफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार होता. १९७३ साली त्यानं 'टायगर फायर' नावाचं वाघाचं चित्र काढलं, त्याच्या साडेआठशे प्रती सही करून विकल्या आणि सव्वा लाख पौंडांहून जास्त रक्कम आपल्या वाघांसाठी दिली. त्याच वर्षी एप्रिलात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. त्या प्रतींवर पेन्सिलची सही असते, पण त्या प्रतीच. सही खरी म्हणून चित्र तैलरंगाचं ठरत नाही. वैनींना यातलं 'सव्वा लाख पौंड' एवढंच ऐकू गेलं. त्याचे रुपये किती होतात ते मुलगा फोनवर काढत बसला.

"मागून पाहू," मी म्हटलं. "चित्राची खरी जन्मपत्रिका पाठीवर असते."

पाठ फिरवली तर आधी निघालं कुंभारणीचं घर. कुंभारमाशीनं चौकटीच्या कोपऱ्यात मातीची तीन गाडगी बांधली होती. वर चिमणीच्या घरट्याचं वाळकं गवत अडकलेलं. जुन्या वाड्यांत तसबिरी भिंतीला तिरप्या टांगायचे, मागं चिमण्या पिल्लं काढायच्या, आणि पिल्लं उडेपर्यंत तसबीर हलवायची नाही असा आमच्या आजीचा दंडक होता. वाघाच्या पाठीवर चिमणी नांदली, हे काकाजींना फार आवडलं. वैनींनी खराटा उचलला तो मी खाली ठेवायला लावला. मातीचं घर ओढून काढलं तर कॅनव्हास फाटतो. ते वाळलेलं असताना थोडं थोडं फोडून काढायचं, आणि तेही नेमकं त्याच्या मागं रंग कसा आहे ते पाहून.

पाठीवर वाचायला बरंच होतं. चौकट सागाची, कोपऱ्यांत लाकडी पाचरा. कॅनव्हास ढिला पडला की त्या ठोकून ताणतात. चारांतली एक पाचर गायब होती, म्हणून वरच्या बाजूला पोक आलं होतं. कापड लोखंडी चुकांनी ठोकलेलं, स्टेपलच्या पिना नाहीत. चुका गंजून कापडाला तांबडे डाग पडलेले. कापड सुती, जाडं, कडेला रंग न लागलेलं पिवळसर. आणि मधल्या पट्टीवर एक लेबल, त्याचा अर्धाअधिक कागद कसरीनं खाल्लेला. उरलेल्या भागात छापील नक्षी आणि शाईचे दोन आकडे. दुकानाचं असेल, प्रदर्शनाचं असेल.

"ह्या कागदाला हात लावू नका. उजेडात सरळ वरून त्याचा फोटो काढा. पाठीचा पूर्ण फोटो काढा. आणि वाड्यातला एखादा जुना फोटो शोधा, ज्यात मामाजी आहेत आणि मागं हा वाघ दिसतो."

"हाय ना! नंदेच्या लग्नातला हाय. त्यात वाघाचं नुसतं तोंड दिसते, मामाजीच्या पगडीच्या वर."

"तो फोटो जपा. चित्र कोणाकडून कोणाकडं गेलं याचा पुरावा असला की किंमत वाढते. व्यापाऱ्याला तो फोटो फुकट देऊ नका."

काकाजींचा नातू बँकेत आहे. त्याच्या घरी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च होता, तो मागवला. चित्र आत नेऊन खोलीत अंधार केला. जुन्या राळेचं व्हार्निश असलं की त्या उजेडात हिरवट धूसर चमकतं, आणि नंतर कोणी रंगाचं ठिगळ लावलं असेल तर ते काळं दिसतं. वाघ हिरवा झाला. आकाशात डाव्या अंगाला दोन काळे धब्बे दिसले. कोणीतरी कधीतरी डागडुजी केली होती. वैनींना लगेच आठवलं. पाऊस गळायचा तिथं, आणि मधले भाऊजी बीए करत असताना घरी रंगाची पेटी होती! आता मधल्या भाऊजींच्या हाताचे धब्बे किमतीत धरायचे की वजा करायचे, यावर दहा मिनिटं गेली. वैनींचा कल वजा करण्याकडं होता.

"पण बाई, किंमत सांगा ना. तुमी तर सगळंच पाहून रायल्या, आकडा काही बोलत नाही."

मी बोलले नाही, आणि मुद्दामच बोलले नाही. माझ्यासारखीनं आकडा सांगितला की तो गावभर होतो. पण किंमत कशी ठरते ते सांगितलं. नाव आधी. मग त्या नावाचं चित्र पूर्वी लिलावात गेलंय का आणि कितीला. मग स्थिती, आकार, पुरावा. विषय सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या बाजारात हुबेहूब वाघ-हरणांना फारसा मान नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ साली. त्यांचं एक चित्र २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. त्यात वाघ नाही, झाड नाही, माणूस नाही. नुसता रंगाचा थर आणि त्यातून येणारा उजेड.

"काहीच नाही? अन् तेवीस कोटी?"

"काहीच नाही."

"मंग आमचा वाघ पुसून टाकला तर?" मुलगा म्हणाला. वैनींनी त्याला भिंतीपलीकडं पाठवलं, कोथिंबीर आणायला.

मला त्या नागपूरच्या माणसाच्या घाईची काळजी वाटत होती. फोटो पाहून रोख देणारा फसवतोच असं नाही, पण त्याच्या आकड्यात त्याचा नफा असतो, आपल्या चित्राचा भाव नसतो. मी म्हटलं, त्याला एवढंच विचारा की तुमचं म्हणणं कागदावर लिहून द्याल का. चित्र कोणाचं वाटतं, कधीचं वाटतं, आणि का. त्याआधी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात कोणाला तरी दाखवा. ते जुने विद्यार्थी-शिक्षक ओळखू शकतील. दुरुस्तीचा विषय निघाला तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठी विभाग आहे, लखनौला १९७६ पासूनची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आणि हे चित्र शंभर वर्षांचं निघालं तर १९७२ चा पुराणवस्तू कायदा लागतो. मग नोंदणी लागते, देशाबाहेर पाठवता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस असे नऊ चित्रकार तर शंभर वर्षांची अट न लावताच त्यात आहेत.

"अन् फॉरेस्टवाले?" वैनींनी आवाज खाली केला, जणू काकाजी तिथं नव्हतेच. "वाघ घरात ठेवला म्हणून?"

काकाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. चित्राला परवाना लागत नाही. कातड्याला लागतो, नखाला लागतो, मुंडक्याला लागतो. २००३ साली सरकारनं जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. तेव्हा बऱ्याच वाड्यांतली कातडी रात्रीतून कुठं गेली ते काकाजींना विचारावं. ते सांगत नाहीत, नुसते हसतात. मग एकदम गंभीर झाले. "आमच्या बोरचा बाजीराव वाघ असा नाल्यावर उभा राहत होता. २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावापाशी हायवेवर गाडीनं उडवला. त्याचं चित्र कोणी काढलं असतं तं मी घेतलं असतं. डोळा गोल असता तं."

वैनी तोवर आत जाऊन आल्या होत्या. हातात कापलेला बटाटा.

"हे काय?"

"यूट्यूबवर दाखवते ना. बटाट्यानं घासलं का चमकते. रविवारच्या आधी जरा चकचकीत करते."

मी तो हातातून काढून घेतला. बटाटा, कांदा, पावाचा तुकडा, ह्या तिन्हींनी मळ निघाल्यासारखा वाटतो. मागं राहतं ते पीठ आणि ओल. भेगांत ते शिरतं, पावसाळ्यात तिथं बुरशी येते. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. चौकातला किराणावाला म्हणाला होता, जवसाचं तेल चोपडा, जुनं चित्र तेल पितं.

हे तेवढं सोडता येईना. तैलरंगातलं तेल जवसाचंच, हे खरं. पण ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, सुरुवातीला त्याचं वजन चक्क वाढतं. वरचा थर दिवसा-आठवड्यांत कोरडा होतो, आतला महिनेन् महिने घेतो. म्हणून शहाणा चित्रकार सहा महिने ते वर्षभर व्हार्निश लावत नाही. एकदा वाळलेला रंग नव्यानं तेल पीत नाही. वरून चोपडलेलं तेल चिकटपणे बसून राहतं, धूळ पकडतं, पिवळं पडतं, मग काळं. आणि ते काढणं मळ काढण्याहून दसपट अवघड. "जवस आहे ना घरात? चटणी करा. ज्वारीच्या भाकरीसोबत छान लागते."

"मंग करू तरी काय? काहीच करू नको?"

करायचं थोडंच असतं. रुंद, मऊ, कोरा ब्रश घ्यायचा, चित्र उभं आणि किंचित पुढं झुकवून धरायचं, वरून खाली धूळ उतरवायची. तीही रंग कुठं सुटत नाही ना हे तिरप्या उजेडात पाहून. ओला कपडा नाही, पिसांचा झाडू नाही, कॉलिन तर नाहीच. काच बसवली तर ती रंगाला टेकता कामा नये. मागं जाड पुठ्ठा लावायचा, म्हणजे कुंभारणीला दुसरं घर बघावं लागेल. टांगताना दोन खिळे, आणि खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा खेळते.

मात्र खरी अडचण कुठं टांगायचं ही होती, आणि त्यात आमचं वर्धा आडवं येतं. वैनींनी जागा ठरवून ठेवली होती. हॉलची पश्चिमेची भिंत, शेजारी देवघर, समोर खिडकी आणि खिडकीत कूलर. एका वाघाला मारायला याहून चांगली योजना मला सुचली नसती. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, मे महिन्यात बाहेर ४५-४६ डिग्री. पावसाळ्यात तीच ओल धरते. देवघराचा धूप आणि उदबत्ती मळाचा नवा थर देणार. आणि कूलर! दिवसा हवा हाडासारखी कोरडी, संध्याकाळी कूलर लावला की दोन तासांत खोली ओली. कापड ओलीनं वेगळं हलतं, लाकूड वेगळं, आणि वरचा म्हातारा झालेला रंग ताठ. तो ताणला जात नाही, तडकतो. संग्रहालयवाले ओलाव्याचा आकडा ठेवतात, पण त्याहून जास्त जपतात ते हे की तो आकडा रोज खाली-वर होऊ नये. आपल्या घरात एवढं करता येतं की कूलरचा झोत ज्या भिंतीवर पडतो ती भिंत सोडायची.

"अन् आडव्या माडीवर, टिनाखाली?"

"तिथं तुम्ही झोपता का मे महिन्यात?"

"नाही."

"मग त्यालाही नको."

शेवटी सगळ्या घरात एकच भिंत लायक ठरली. जेवणाची खोली आणि हॉल यांच्या मधली. आतली भिंत, ऊन नाही, कूलरच्या झोताबाहेर, स्वयंपाकाची फोडणी पोचत नाही, दुपारी पडद्यातून मंद उजेड येतो. हा उजेडही लागतोच. तेलाचं चित्र कायम अंधारात ठेवलं तर ते जास्त पिवळं पडतं.

वैनींनी तिथूनच नागपूरला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. लिहून द्याल का म्हणून विचारलं. पलीकडून आधी पंचवीसचे पस्तीस झाले. मग लिहून द्यायची काय गरज, विश्वासाचा व्यवहार आहे, असं झालं. मग चाळीस. वैनींनी पुन्हा कागदाचं नाव काढलं, तशी त्याला दुसऱ्या कॉलची घाई झाली. रविवारचं काही बोलणं झालं नाही.

"चाळीस म्हणजे आता दहा लाखाचं असन," वैनी म्हणाल्या आणि फोन ब्लाउजमध्ये खोचला. विकायचा विचार त्यांनी पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवला. तोवर नंदेच्या लग्नाचा अल्बम शोधायचा, आणि जूनच्या आधी एकदा नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं ठरलं. चित्र नाही न्यायचं, फोटो न्यायचे. काकाजी सोबत येतो म्हणाले. डोळ्याबद्दल तिथल्या लोकांशी बोलायचं आहे त्यांना.

मुलगा कोथिंबीर घेऊन आला तर पाहतो, आई आतल्या भिंतीवर हातानं माप घेते आहे. त्या भिंतीवर त्याचा पंचावन्न इंची टीव्ही आहे.

"हा इथून काढ."

"कधी?"

"आत्ता."

"आयपीएलची फायनल तरी होऊ दे ना वो आई!"

वैनींनी माझ्याकडं पाहिलं. वाघ तेवढा थांबेल का, असा तो प्रश्न होता. आठवडाभर चालेल, म्हटलं. बैठ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवा, तोंड भिंतीकडं नको, वरून जुनं सुती लुगडं सैल टाका, प्लॅस्टिक नको. आणि मधल्या भाऊजींना इतक्यात जेवायला बोलावू नका, त्यांची ती रंगाची पेटी अजून घरात असेल तर.